म्हाताऱ्या साक्षीदारासाठी कोर्टाचा कमिशनर
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावाबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज कोर्टाच्या तारखेबद्दल बोलू. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या जिरायत पट्ट्यात, शेवगाव-पाथर्डीपासून जामखेड-कर्जतपर्यंत, बांधाचा, वाटणीचा किंवा वहिवाटीच्या रस्त्याचा दावा नाही असं गाव शोधावं लागेल. या दाव्यांत कागद थोडे असतात. भावाभावांची तोंडी वाटणी, लिंबाच्या झाडापर्यंतची हद्द, गाडीवाट, हे सारं गावातल्या एखाद्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला माहीत असतं. दावा चालू राहतो, तारखा पडत राहतात आणि एक दिवस तो म्हातारा जातो. त्याच्याबरोबर आपला पुरावाही जातो.

कोर्ट कमिशन म्हटलं की आपल्याला मोजणी आठवते. भूमी अभिलेखचा माणूस येतो, हद्दी मोजतो, नकाशा देतो. ते कमिशन दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधल्या आदेश २६, नियम ९ खालचं. पण त्याच आदेशाचा नियम १ आपल्या कानावर फारसा येत नाही. तो सांगतो की आजारपणामुळे किंवा अशक्तपणामुळे साक्षीदार कोर्टात येऊ शकत नसेल, तर कोर्ट कमिशनर नेमून त्याची साक्ष घेऊ शकतं. नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला कोर्टाला यासाठी पुरावा म्हणून घेता येतो. त्या डॉक्टरला साक्षीला बोलावलंच पाहिजे असं नाही.

आता याच कायद्याचं कलम १३३ पाहा. राष्ट्रपती, राज्यपाल, केंद्राचे आणि राज्याचे मंत्री, हायकोर्टाचे न्यायमूर्ती यांना कोर्टात जातीनं हजर राहण्यापासून सूट आहे. त्यांची साक्ष कमिशनवर होऊ शकते. मंत्र्याला पद दाखवून सूट मिळते. आपल्या म्हाताऱ्याला दाखला जोडून अर्ज करावा लागतो, आणि कमिशन द्यायचं की नाही ते कोर्ट ठरवतं. म्हणून अर्ज वेळेवर आणि नीट झाला पाहिजे. २००३ साली मुंबईतल्या एका फौजदारी खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सवर घ्यायला सुप्रीम कोर्टानं मान्यता दिली. मग अंथरुणाला खिळलेल्या जामखेडच्या म्हाताऱ्याला जीपमध्ये घालून कोर्टात का न्यायचं?

ऊसतोडीला जाणाऱ्यांचंही असंच आहे. दिवाळी झाली की साक्षीदार कारखान्याच्या फडावर, आणि तारीख नेमकी तेव्हाच. आदेश २६, नियम ४ प्रमाणे जो माणूस साक्षीच्या तारखेआधी कोर्टाची हद्द सोडून जाणार आहे, त्याच्यासाठीही कमिशन मागता येतं. शिवाय आदेश १८, नियम १६ खाली अशा माणसाची साक्ष लगेच घ्या, असा अर्ज कोर्टालाच करता येतो. टोळी निघण्याआधी वकिलाला हे सांगा.

दुसरी बाजूही ऐका. १ जुलै २००२ पासून कायदा बदलला. साक्षीदाराचा सरतपास आता प्रतिज्ञापत्रावर होतो आणि उलटतपास कोर्ट स्वतः घेतं किंवा कमिशनरकडे देतं. कोर्टावरचं ओझं कमी व्हावं हा हेतू. पण कमिशनर न्यायाधीश नसतो. तो हरकती लिहून ठेवतो, त्यांचा निर्णय कोर्ट युक्तिवादाच्या वेळी देतं. म्हणून २००५ साली सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं बजावलं की हा अधिकार जपून वापरावा. मालकीचे किंवा वाटणीचे गुंतागुंतीचे प्रश्न, फसवणूक, खोटे दस्त, मृत्युपत्राचे गंभीर वाद असतील तिथे महत्त्वाच्या साक्षीदारांचा उलटतपास शक्यतो कोर्टानं स्वतः घ्यावा.

आमचं म्हणणं एवढंच आहे. साक्षीदाराला येणं शक्य नसेल तर कमिशन मागा. येणं शक्य असेल आणि वाद मालकीचा असेल, तर खोटं बोलणाऱ्याचा चेहरा न्यायाधीशालाच दिसू द्या. तिथे कमिशन नको, असं वकिलामार्फत लेखी सांगा.

कमिशन निघालं की चार गोष्टी सांभाळा. एक, ज्याच्या अर्जावर कमिशन निघतं त्याला खर्चाची रक्कम ठरलेल्या मुदतीत कोर्टात भरायला सांगितलं जाऊ शकतं. बायामाणसांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे खर्चाचीही मागणी करा. दोन, कमिशनरपुढे स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहा. गैरहजर राहिलात तर तो तुमच्याशिवाय काम पुढे नेऊ शकतो. तीन, उलटतपास पूर्ण करून घ्या. नुसतं प्रतिज्ञापत्र देऊन साक्षीदार वारला, तर त्या कागदाची किंमत किती यावरच भांडण सुरू होतं. चार, २००२ च्या नियमाखाली कमिशनरनं ६० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. मुदत फक्त कोर्ट वाढवू शकतं, तेही लेखी कारण देऊन. तारीख लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावशाखेनं यादी आणावी. गावात दावे किती, त्यांत सत्तरीच्या पुढचे साक्षीदार किती, आजारी किती, ऊसतोडीला जाणारे किती. त्या यादीवरून कोणत्या दाव्यात अर्ज आधी करायचा हे आपण एकत्र बसून ठरवू. कापूस वेचणी सुरू झाली की कोणाला सवड नसते. म्हणून हे काम त्याआधीच उरकायचं आहे.