नव्या वसाहतीची दिवाबत्ती : खर्च कोणाचा?



तालुक्याच्या गावाबाहेर, हमरस्त्यालगत उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहती आता सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. प्रवेशद्वाराशी कमान, आत डांबरी रस्ता, दुतर्फा खांबांवर झगमगणारे दिवे, मधोमध कुंपण घातलेली बाग आणि तिच्यात मुलांसाठी घसरगुंडी. प्लॉट विकले जाईपर्यंत ही शोभा टिकते. पुढे दोन-तीन वर्षांत एकेक दिवा विझतो, कूपनलिकेचा पंप जळतो, रोपे वाळतात आणि बागेत गाजरगवत माजते. रात्री शिकवणीहून परतणाऱ्या मुली याच अंधाऱ्या रस्त्याने येतात. चौकशी केली तर विकासक म्हणतो, प्लॉट विकले, आपला संबंध संपला. ग्रामपंचायत म्हणते, वसाहत अद्याप हस्तांतरित झालेली नाही. रहिवासी म्हणतात, आम्ही घरपट्टी भरतो. तिघांच्याही म्हणण्यात थोडेथोडे तथ्य असते, म्हणूनच दिवा कोणीच लावत नाही.

या घोटाळ्याचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. खांब उभारण्याचा खर्च एकदाच होतो आणि तो प्लॉटच्या किमतीत आलेला असतो. खांबावरचा दिवा जळत ठेवण्याचा खर्च मात्र दरमहा येतो, आणि तो कशातच धरलेला नसतो.

हा खर्च किती, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. समजा, पाच एकरांची, साठ प्लॉटांची वसाहत आहे आणि तिच्यात तीस खांब आहेत. प्रत्येक खांबावर ३० वॅटचा एलईडी दिवा रोज अकरा तास जळतो. दिवसाला सुमारे १० युनिट, वर्षाला सुमारे ३,६०० युनिट वीज लागेल. जुन्या पद्धतीचे ७० वॅटचे सोडियम दिवे असतील तर हाच आकडा ८,४०० युनिटांवर जातो. एलईडीचा भार साठ प्लॉटांवर वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला पाच युनिट येतात. त्यात दुरुस्तीचा व बदललेल्या दिव्यांचा खर्च मिळविला तरी तो कोणाला न पेलणारा नाही. थकबाकी साचते ती रक्कम मोठी असल्याने नव्हे, तर ती कोणाच्याच नावावर नसल्याने. अनेक ठिकाणी मीटर विकासकाच्या नावावरच राहिलेला असतो. देयक त्याच्या शहरातील पत्त्यावर जाते आणि वीज तोडली गेल्यावरच वसाहतीला थकबाकी कळते. दिवे चोवीस तास जळत राहिले तर वीज दुपटीहून अधिक लागते, हेही येथेच सांगितले पाहिजे. वेळेनुसार दिवे चालू-बंद करणारी साधी यंत्रणा बसविणे हा काटकसरीचा पहिला उपाय होय.

बागेचे गणित मात्र अवघड आहे. त्याच वसाहतीची दहा टक्के खुली जागा म्हणजे सुमारे वीस गुंठे. तेवढ्या जागेवर हिरवळ लावली तर उन्हाळ्यात चौरस मीटरमागे दिवसाला चार-पाच लिटर, म्हणजे एकूण आठ-दहा हजार लिटर पाणी लागते. एक मोठा टँकरच रोज! गावात एप्रिलपासून पिण्याच्या पाण्याची ओढाताण असताना ही हिरवळ कोणाच्या डोळ्यांना सुखवील? कडुनिंब, करंज, चिंच यांसारखी झाडे पहिले दोन-तीन उन्हाळे सांभाळली की पुढे स्वतःच्या बळावर उभी राहतात. बागेचा आराखडा आखतानाच तिच्या देखभालीचा खर्च बव्हंशी ठरून जातो. विक्रीच्या जाहिरातीसाठी आखलेल्या बागेत हा विचार अभावानेच आढळतो.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. बृहन्मुंबई व काही अधिसूचित क्षेत्रे वगळता राज्यभर २०२० पासून लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात किमान दहा टक्के खुली जागा ठेवावी लागते, आणि ती सर्व रहिवाशांच्या सामायिक वापरासाठी असते. बंगलोर येथील उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली अमान्य केला. खुली जागा ही शिल्लक पडलेली जागा नव्हे, हे त्या निर्णयाने स्पष्ट केले. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पांत, रहिवाशांची संस्था ताबा घेईपर्यंत आवश्यक सेवा वाजवी आकार घेऊन चालू ठेवण्याची जबाबदारी प्रवर्तकावर आहे. प्लॉट पाडून विकण्याचे प्रकल्पही या अधिनियमात येतात. ‘संस्था ताबा घेईपर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. संस्था स्थापनच झाली नाही तर ताबा कोण घेणार, आणि विकासकाने विक्रीच्या वेळी देखभालीसाठी म्हणून गोळा केलेली रक्कम कोणाच्या खात्यात जमा होणार? म्हणून प्लॉटधारकांनी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये संस्था नोंदविणे हे पहिले काम आहे. थकबाकीदाराकडून वसुलीचा दाखला मिळविण्याचा मार्गही नोंदणीकृत संस्थेलाच खुला असतो. हौशी मंडळाला तो नसतो.

ग्रामपंचायतीकडे वळले तर ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या ग्रामसूचीत गावची दिवाबत्ती आहे, आणि कलम १२४ खाली दिवाबत्ती कर बसविता येतो. नमुना ८ व नमुना ९ मध्ये त्याचा रकाना असतोच. परंतु बहुतेक गावांत या रकान्यातील रक्कम किरकोळ असते, आणि खरा खर्च वर्षानुवर्षे शासनाच्या आधारावर चालत आला. तो आधार डळमळला की काय होते, याचा अनुभव २०२१ मध्ये आला. थकबाकीमुळे राज्यातील अनेक गावांच्या पथदिव्यांची वीज तोडण्यात आली, सरपंचांनी आंदोलने केली, आणि अखेर पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून देयके भरण्यास सांगण्यात आले. त्या आयोगाच्या २०२१-२६ या कालावधीत ग्रामीण संस्थांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेला होता. राहिलेल्या ४० टक्क्यांतच विकासकामे आणि त्यातच हे देयक, अशी ओढाताण झाली.

येथे एक उपेक्षित गोष्ट लक्षात आणून देणे जरूर आहे. नव्या वसाहतीतील कित्येक प्लॉट गुंतवणुकीसाठी घेतलेले असतात. मालक पुण्या-मुंबईस राहतो आणि प्लॉटवर बाभळी वाढतात. घर नाही म्हणून घरपट्टी नाही, अशी समजूत सर्वत्र आहे. वस्तुतः शेतसारा लागू नसलेल्या जमिनीही कलम १२४ च्या कक्षेत येतात. तरीही कित्येक ग्रामपंचायतींच्या नमुना ८ मध्ये मोकळ्या प्लॉटांची नोंदच आढळत नाही. रस्ता उजळला, झाडे वाढली, की त्या मोकळ्या प्लॉटाचाही भाव वाढतो; मग त्याच्या मालकाने वाटा का उचलू नये?

याच प्रश्नाला अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने दिलेले उत्तर पाहण्यासारखे आहे. तेथे १९७२ साली केवळ बागा व दिवाबत्तीसाठीच एक कायदा करण्यात आला. शहर नव्या वसाहतीपुरता एक आकारणी विभाग ठरविते. दरवर्षी अभियंता खर्चाचा अंदाज, नकाशा व प्रत्येक जमिनीचा वाटा दाखविणारा अहवाल तयार करतो. ही रक्कम मालमत्ता कराच्या देयकातूनच वसूल होते आणि त्याच विभागात खर्च होते. १९७८ मध्ये मतदारांनी मालमत्ता कराचा सर्वसाधारण दर एक टक्क्यावर गोठविल्यावर अशा आकारण्यांचे महत्त्व वाढले. १९९६ मध्ये आणखी एक बंधन आले. आकारणी नव्याने बसविण्यापूर्वी किंवा वाढविण्यापूर्वी मालकांकडून टपालाने मते मागवावी लागतात, आणि ज्या लाभाचा उपभोग साऱ्या शहराला मिळतो त्याचा खर्च या मालकांच्या माथी मारता येत नाही. ही पद्धतही निर्दोष नाही. प्रारंभी दर ठरविताना महागाईनुसार वाढीची तरतूद न केलेल्या विभागांत खर्च वाढत गेला, उत्पन्न तेथेच राहिले, आणि बागांचे पाणी तोडण्याची वेळ आली. प्लॉटमागे दरमहा ठरावीक रुपये असे एकदा ठरवून दहा वर्षे तोच आकडा चालविणाऱ्या आपल्याकडील वसाहतींची गत याहून वेगळी नाही.

मात्र त्यातील एक विवेक आपल्याकडे घेण्याजोगा आहे, तो म्हणजे सार्वजनिक लाभ व वसाहतीचा लाभ यांत फरक करणे. वसाहतीतून शाळेकडे, बाजाराकडे किंवा पुढच्या वाडीकडे जाणारा रस्ता साऱ्या गावाचा आहे. त्यावरील दिवे ग्रामनिधीतून जळणे न्याय्य होय. आतल्या गल्ल्या आणि कुंपणातील बाग यांचा भार रहिवाशांच्या संस्थेने उचलावा. जुन्या गावठाणात, दलित वस्तीत खांबांवर दिवे नसताना नव्या वसाहतीच्या कारंज्यासाठी ग्रामनिधी वळविला तर ग्रामसभेत प्रश्न उठणारच, आणि तो उठलाच पाहिजे. उलट, वसाहतीतील घरमालकाकडून दिवाबत्ती कर घ्यायचा आणि हमरस्त्यापर्यंतचा एक दिवाही लावायचा नाही, हेही टिकणारे नाही. ही विभागणी ग्रामसभेत उघडपणे व्हावी. दिवा विझल्यानंतर होणाऱ्या वादात ती कधीच नीट होत नाही.

वसाहत ताब्यात घेताना ग्रामपंचायतीने केवळ ठराव करून थांबू नये. खांब किती, दिवे किती वॅटचे, त्यांपैकी चालू किती, मीटर कोणाच्या नावावर, शेवटचे देयक भरल्याची पावती कोठे, कूपनलिकेला पाणी किती महिने असते, झाडे मोजून किती, याची यादी विकासक, संस्था व ग्रामपंचायत अधिकारी यांनी जागेवर फिरून करावी. ही फेरी दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा मारावी. यादीवर तिघांच्या सह्या झाल्यावर मीटरचे नाव बदलण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा, आणि विकासकाकडील देखभालीची शिल्लक रक्कम संस्थेच्या बँक खात्यात जमा झाल्याची नोंद पाहूनच ताबापत्रावर सही करावी.