फुप्फुसाच्या कर्करोगाचा रक्तातील माग

फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान आरंभीच्या अवस्थेत झाले, तर शस्त्रक्रियेने गाठ काढणे हा मुख्य उपचार असतो आणि त्यासाठी कर्जत-खालापूरच्या अनेक रुग्णांना परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय गाठावे लागते. शस्त्रक्रियेनंतर रोगाचा सूक्ष्म अंश उरला आहे का, हे सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. अशा वेळी रक्ततपासणी उपयोगी पडू शकते, कारण कर्कपेशी मरताना त्यांच्या डीएनएचे, म्हणजे जनुकीय द्रव्याचे, तुकडे रक्तात सोडतात आणि ते काही तासांतच नष्ट होत असल्याने शरीराची ताजी स्थिती सांगतात. ब्रिटनमधील ट्रेसरएक्स संशोधनाच्या 2017च्या अहवालात रोग उलटल्याची खूण स्कॅनपेक्षा मध्यकानुसार 70 दिवस आधी रक्तात आढळली होती.

मात्र लहान गाठ इतके थोडे तुकडे सोडते, की ‘काही आढळले नाही’ या अहवालावर विसंबणे धोक्याचे ठरते. शिवाय साध्या, जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलेल्या रक्तातून प्लाझ्मा, म्हणजे पेशीविरहित द्रवभाग, काही तासांत वेगळा केला नाही, तर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए त्यात मिसळतो. म्हणून कर्जतहून मुंबईला पाठवायच्या नमुन्यासाठी पेशी टिकवून धरणारी खास नळीच वापरणे श्रेयस्कर. निदानासाठी गाठीच्या तुकड्याची तपासणी, अर्थात बायोप्सी, अजूनही अपरिहार्य आहे, आणि या कर्करोगाची लक्षणे क्षयासारखी भासू शकत असल्याने थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नसताना केवळ संशयावरून क्षयाची औषधे घेणाऱ्या, तरीही खोकला न थांबलेल्या रुग्णाची ती वेळेवर होणे फार गरजेचे आहे.