काच धुरकटते तेव्हा



चिलखती गाडीची काच हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने कशाला घ्यावा, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, त्या काचेमागे बसणारा चालक हा पगारावर राबणारा माणूसच आहे. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर तेथील पोलिसांच्या ताफ्यात ‘मार्क्समन’ या चिलखती गाड्या आल्या. अशा गाडीतल्या माणसाचे डोळे आणि त्याची ढाल, दोन्ही एका काचेत असतात.

ही काच एकसंध नसते. काचेचे अनेक थर, त्यांना चिकटवणारे पारदर्शक प्लॅस्टिकचे पडदे आणि आतल्या अंगाला पॉलिकार्बोनेटचा ताव, अशी तिची घडण असते. काच गोळीचा जोर मोडते, आतला ताव उडणारे तुकडे अडवतो. फ्रान्सच्या एदुआर बेनेदिक्तुस यांनी १९०९ साली दोन काचांमध्ये सेल्युलॉइड घालण्याचे पेटंट घेतले. ते सेल्युलॉइड उन्हाने पिवळे पडे. पुढे पडदे सुधारले, पण ऊन आणि ओल हे वैरी तेच राहिले.

आपल्या चिकलठाण्याच्या वेधशाळेत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या गाडीची काच त्याहून तापते, आणि तापल्यावर पॉलिकार्बोनेट काचेच्या सुमारे सातपट पसरते. ही रोजची ओढाताण चालू असता कडेचे सील फुटले, की ओल शिरते, थर सुटतात, बुडबुडे येतात आणि काच दुधाळ दिसू लागते.

यावर उपाय आहे काय? काही वेळा आहे. काच चौकटीतून काढून, कडा साफ करून ती सावकाश वाळवतात. मग पिशवीत घालून आतली हवा ओढून घेतात आणि दाबाच्या भट्टीत बेताने तापवतात. पडदा मऊ होऊन थर पुन्हा सांधतात. शेवटी कडेला नवे सील भरतात. उष्णता अधिक झाली तर पॉलिकार्बोनेट वाकते. घाईने थंड केले तर काच तडकते. तेथे कसबी कामगारच हवा. मात्र जिला तडा गेला, जिने गोळी खाल्ली, जिचा प्लॅस्टिकचा थर ठिसूळ झाला, ती काच बदललीच पाहिजे. बाहेरून पॉलिश मारून आतला पांढुरका डाग जात नाही.

मित्रहो, स्वच्छ दिसणे म्हणजे मजबूत असणे नव्हे. गोळी झाडून पाहिलेली काच पुन्हा गाडीला बसवता येत नाही. म्हणून त्याच रीतीने सांधलेल्या नमुन्यांवर गोळी झाडून पाहावी लागते. हा खर्च वाचवला, तर तो चालकाच्या जिवावर वाचवला असे होईल. तेव्हा दुरुस्त काचेवर तारीख व चाचणीची खूण असावी, आणि समोरचे दिसत नसेल तर गाडी न काढण्याचा चालकाला हक्क असावा. एवढी मागणी आपणांपुढे ठेवून मी आपली रजा घेतो.