तक्रार मागे घेतली, म्हणजे मार थांबला का?

(विरार येथे वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण कायद्याची कलमं वाचतो आहोत. मी फक्त एका कागदाबद्दल बोलणार आहे. तक्रार मागे घेतल्याचा कागद. 'आमचं भांडण आपसात मिटलं आहे, माझी आता काही तक्रार नाही.' दोन ओळी आणि खाली बाईची सही किंवा अंगठा. आपल्यापैकी प्रत्येकीने तो पाहिला आहे. हा कागद आला की सगळे मोकळे होतात. पोलीस मोकळे, सासर मोकळं, माहेरही मोकळं. अडकलेली राहते ती एकटी बाई.

आपल्याच तालुक्यातलं उदाहरण घेऊ. वसईच्या श्रद्धा वालकरच्या खुनाची बातमी नोव्हेंबर 2022 मध्ये देशभर पोचली. ज्याच्याबरोबर ती राहत होती त्यानेच मे 2022 मध्ये दिल्लीत तिला मारलं, असा पोलिसांचा आरोप आहे. 2023 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्याच्यावर आरोप निश्चित केले. पण त्या मे महिन्याच्या दीड वर्ष आधी, 23 नोव्हेंबर 2020 रोजी, श्रद्धाने नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलीस ठाण्यात स्वतःच्या हाताने तक्रार लिहून दिली होती. सहा महिन्यांपासून तो मारतो आहे, श्वास कोंडून मारण्याचा प्रयत्न केला, तुकडे करून टाकीन म्हणतो, भीतीमुळे आजवर पोलिसांत आले नाही, असं तिने लिहिलं होतं. त्याच्या घरच्यांना हे ठाऊक आहे, हेही लिहिलं होतं. सुमारे महिन्याभराने तिने भांडण मिटल्याचं लिहून दिलं आणि चौकशी तिथेच थांबली.

यावर लोक विचारतात, 'तिनेच मागे घेतली, मग दुसऱ्यांनी काय करायचं?' हाच प्रश्न उलटा विचारून पाहा. ज्या माणसाच्या भीतीने ती सहा महिने गप्प राहिली, त्याच माणसाच्या घरात राहून दिलेला जबाब राजीखुशीचा कसा मानायचा? तक्रार मागे घ्यायला लावणं हा हिंसेचाच एक भाग असतो. कधी धमकी देऊन, कधी पाया पडून, कधी 'मी जिवाचं बरंवाईट करून घेईन' म्हणून.

आपल्या भागातल्या बाईची कोंडी आपल्याला ठाऊक आहे. माहेर रत्नागिरीला नाहीतर उत्तर प्रदेशात. खोली भाड्याची, करार नवऱ्याच्या नावावर, डिपॉझिट त्याने भरलेलं. पहाटेची लोकल पकडून अंधेरीला कामाला जाणाऱ्या बाईला पोलीस ठाण्याच्या चार खेपा म्हणजे चार खाडे, आणि खाडे झाले की काम जातं. मुलांची शाळा इथेच. रात्री परतायचं त्याच दाराशी. अशी बाई तक्रार मागे घेते तेव्हा तिने माफ केलेलं नसतं. आजची रात्र कशी काढायची याचा हिशेब केलेला असतो.

आणि मुळात तक्रारीपर्यंत पोचतात किती जणी? 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 29.3 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. शारीरिक वा लैंगिक हिंसा झालेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या फक्त 14 टक्के. 77 टक्क्यांनी मदतही मागितली नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. म्हणजे जी ठाण्याची पायरी चढते, ती शंभरातली एखादी धीट बाई असते. तिला 'घरचं भांडण आहे, घरीच मिटवा' म्हणून परत पाठवलं, तर ती दुसऱ्यांदा कशाला येईल?

श्रद्धाच्या मृत्यूनंतर चर्चा मात्र भलतीकडेच गेली. मुलगा कुठल्या धर्माचा, मुलीने आईवडिलांचं का ऐकलं नाही, लग्नाशिवाय का राहिली. डिसेंबर 2022 मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. आधीच्या आदेशात आंतरजातीय विवाहही होते, ते काही दिवसांत वगळले. लेखी तक्रार देऊनही बाईला संरक्षण का मिळालं नाही, हा खरा प्रश्न बाजूलाच राहिला.

धर्म आणि घरच्यांची संमती यांनी बाई वाचत असती, तर 16 मे 2025 रोजी पुणे जिल्ह्यात वैष्णवी हगवणे गेली नसती. तिचं लग्न थाटामाटात, सोनं आणि मोटार देऊन लावलेलं होतं. सासरच्यांवर हुंड्यासाठी छळ केल्याचा गुन्हा दाखल झाला. त्याच घरातल्या थोरल्या जावेने आधी तक्रार केलेली होती. तिथेही कागद आधी होता, जीव नंतर गेला.

आता कामाचं बोलू. 2006 पासून लागू असलेला कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही लागू आहे. दंडाधिकारी समोरच्याची वाट न पाहता अंतरिम संरक्षण आदेश देऊ शकतात. तो मोडणं हा गुन्हा आहे. आणि जिवे मारण्याचा प्रयत्न हा दखलपात्र गुन्हा आहे. पूर्वीचं कलम 307, आता न्याय संहितेचं 109. त्यात आपसात तडजोड चालत नाही. फिर्यादी बाईने 'मिटलं' म्हटल्याने तो मिटत नाही. हे ठाणे अंमलदाराला ठणकावून सांगता आलं पाहिजे.

गळा दाबल्याचं कोणी सांगितलं, तर त्याला 'मारहाण' म्हणून सोडू नका. जोडीदाराने एकदा गळा दाबलेल्या बाईचा पुढे खून होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. ती घर सोडायचं म्हणते तो काळ सर्वांत धोक्याचा. त्याच दिवशी दवाखान्याचा कागद करून घ्या, संरक्षण अधिकाऱ्याकडून घटनेचा अहवाल नोंदवून घ्या, प्रती आपल्याकडे ठेवा. 181 हा नंबर तिला तोंडपाठ करायला लावा.

आणि तिने तक्रार मागे घेतली, तर वहीत 'प्रकरण मिटले' असा शेरा मारू नका. पुढच्या भेटीची तारीख लिहा. जबाब देताना खोलीत कोण होतं, आता ती राहते कुठे, फोन कोणाच्या हातात असतो, हे विचारा. तिच्यावर रागावू नका. ती पुन्हा त्याच्याकडे गेली तरी तिला आपल्या दारी परत येता आलं पाहिजे, तेही मान खाली न घालता.

पोलीस ठाण्याकडे आपली मागणी एकच. मागे घेतलेल्या प्रत्येक तक्रारीनंतर ती बाई कशी आहे, हे त्याच्यासमोर नव्हे तर तिला एकटीला भेटून विचारा. शिबिर संपल्यावर हे निवेदन लिहायला बसू. सह्या करूनच घरी जाऊ.