तुरुंगातली राखी

देवास म्हटलं की आपल्या कोल्हापूरकरांना थोरल्या पातीचे पवार आठवतात. तिथले विक्रमसिंहराव १९४७ साली इथल्या गादीवर दत्तक आले आणि शहाजी छत्रपती झाले. त्याच देवास जिल्ह्यात उदयनगर नावाचं गाव आहे. तिथं काम केलेल्या सिस्टर राणी मारिया यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

त्या केरळच्या, जन्म १९५४चा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या या धर्मभगिनी १९९२ साली उदयनगरला आल्या, तेव्हा तिथले आदिवासी सावकाराच्या वहीत अडकलेले होते. ती वही म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आजोबांनी काढलेलं कर्ज आमच्या वडिलांनी फेडलं. सिस्टरनी माणसांना बँकेत नेलं, सरकारी योजना मिळवून दिल्या, आपला हक्क मागायला शिकवलं. तसं पाहिलं तर सगळं कागदाचंच काम. पण सावकाराला मोर्चापेक्षा बँकेचं पासबुक जास्त झोंबतं. धमक्या आल्या. सिस्टर तिथंच राहिल्या.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या इंदूरच्या बसमध्ये बसल्या. वाटेत नाचनबोरच्या डोंगरात समुंदरसिंह या तरुणानं त्यांना भोसकलं, बसबाहेर ओढलं. अंगावर चाळीसहून अधिक वार. बस भरलेली होती, कुणी पुढं झालं नाही. त्या बसमध्ये मी असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर मी स्वतःलाही दिलेलं नाही.

हा खून धर्मापायी की पैशापायी, असं लोक विचारतात. चिथावणी देणारे लोक सावकार-जमीनदार होते, हे खरंच. पण चर्चनं त्यांना रक्तसाक्षी मानलं आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये त्यांना ‘धन्य’ घोषित केलं. मला विचाराल, तर ज्या श्रद्धेनं त्या धमक्यांनंतरही तिथं राहिल्या, ती या हिशेबातून वजा कशी करायची?

समुंदरसिंहला जन्मठेप झाली. २००२च्या राखीपौर्णिमेला सिस्टरची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही धर्मभगिनीच, इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्याच्या हाताला राखी बांधली. २००६ साली तो सुटला, तेही या घराच्या विनंतीवरून. पुढं तो केरळला त्यांच्या घरी गेला. म्हाताऱ्या आईनं त्याचे हात हातात घेतले आणि त्यांचा मुका घेतला. त्या हातांना तिच्या लेकीचं रक्त लागलं होतं, म्हणून.