बेडूक आणि आपण



वैशाखाच्या या उन्हात आम्ही बेडकावर बोलावयास उभे राहिलो, हे काहींना चमत्कारिक वाटेल. बेडूक आहे कुठे? तो जमिनीखाली आहे. नाल्याकाठच्या गाळात स्वतःला गाडून घेऊन तो निजला आहे आणि मृगाची वाट पाहतो आहे. आम्ही प्राणिशास्त्राचे पदवीधर नाही. आमची शाळा नववीतच सुटली. परंतु मजूर संघटनेच्या कामासाठी पारोळा, अमळनेर, धुळे या बाजूची शिवारे पुष्कळ तुडवली, आणि हा विषय तेथेच आमच्या पुढ्यात आला.

आपला मोठा बेडूक पहिल्या पावसात बाहेर पडतो. नर हळदीसारखा पिवळा होतो, गळ्याशी दोन निळे फुगे फुगतात, आणि रात्रभर शिवार दणाणून जाते. पाऊस लांबला की मुसळाला बेडूक बांधून, कडुनिंबाचा पाला लावून धोंडी काढीत, ते काही उगाच नव्हे.

याच बेडकाचे पाय परदेशी ताटात जात असत. 1981 च्या सुमारास भारतातून वर्षाला 4000 टनांहून अधिक पाय बाहेर गेले. रात्री कंदील घेऊन चिखलात उतरणारा गरीब होता, नफा गोठवणीच्या कारखानदाराचा होता. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांनी या व्यापाराविरुद्ध लेखणी झिजवली. पायांचे परकीय चलन मिळवायचे आणि किडी मारण्याच्या औषधांवर पैसा घालवायचा, हा कसला हिशेब, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. 1987 साली निर्यातबंदी झाली. बंदी म्हटली की आम्हाला प्रथम पकडणाऱ्याच्या चुलीची आठवण होते. तरीही ही बंदी योग्यच होती असे आमचे मत आहे. युरोपची भूक मात्र थांबली नाही, ती इंडोनेशियाकडे वळली.

सुरी थांबली, त्यामुळे हा मोठा बेडूक तगला. आज तो संकटग्रस्तांच्या यादीत नाही. सह्याद्रीतल्या त्याच्या नातलगांचे तसे नाही. 1963 साली सोमण यांनी कोयना परिसरातल्या एका भेकाचे वर्णन केले. तो आज संकटग्रस्त आहे. आंबोलीच्या भेकाचे वर्णन तर 2009 साली झाले. अंगावर वाघासारखे पट्टे, आणि सारा संसार सड्यावरच्या उथळ डबक्यांत. अवघ्या काही चौरस किलोमीटरांत त्याची दुनिया संपते. तेथे चार मोटारी जास्त धावल्या किंवा दोन बंगले उठले तरी त्याचा वंश हादरतो. म्हणून त्याचे नाव अतिसंकटग्रस्तांत आहे.

जगाचा हिशेब 2023 साली प्रसिद्ध झाला. आठ हजारांवर जाती तपासल्या, त्यांतल्या शेकडा 41 धोक्यात. कोस्टारिकाच्या डोंगरात 1987 साली पंधराशेवर सोनेरी भेक एकत्र जमलेले दिसले होते. 1989 साली एकच दिसला, त्यानंतर एकही नाही. जंगल तर उभेच होते! अनेक देशांत एक बुरशी बेडकांच्या कातडीला लागते, अंगातले क्षार बिघडतात आणि हृदय थांबते.

सारा घोळ कातडीचा आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीने शोषून घेतो. श्वासही बराचसा कातडीनेच. त्याच्या अंड्याला कवच नाही. पाण्यात जे मिसळाल ते सरळ त्याच्या रक्तात.

हे आम्ही पुस्तकात पुढे वाचले, आधी पाहिले ते एका नाल्यावर. कपाशीच्या दिवसांत एक फवारणीवाला आमच्या कचेरीत आला. डोळे सुजलेले, उलट्या चालू. त्याला दवाखान्यात पोहोचवून आम्ही मालकाशी बोलावयास शेतावर गेलो. हातमोजे नाहीत, तोंडाला फडके नाही, आणि पंप धुवायची जागा म्हणजे शेताकडेचा नाला. पाण्यावर बेडकाची पिल्ले पांढरी पोटे वर करून तरंगत होती. निंदणीची एक म्हातारी म्हणाली, “भाऊ, आधी ह्या मरतस, मंग आमनं डोकं दुखस.” यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषाने वीसहून अधिक माणसे गेली तेव्हा आम्हाला त्या म्हातारीचे शब्द आठवले.

त्यानंतर आमच्या मागणीपत्रात एक कलम वाढले: पंप धुण्यासाठी नाल्यापासून दूर वेगळा खड्डा. मजुरीचे कलम सोडून हे काय काढलेत, असे आमचेच काही सहकारी हसले. खड्डा मालकाने मान्य केला, कारण त्याला खर्च नव्हता. हातमोजेही शेवटी मिळाले. पण ऑक्टोबरच्या उन्हात रबर हाताला भाजते, म्हणून ते बहुतेक वेळ बांधावरच पडून असतात. त्यावर आम्हाला अजून तोड सापडलेली नाही.

गेल्या मृगात रात्री त्या नाल्यावर गेलो. पलीकडच्या काठावरून दोन-तीन आवाज आले. पूर्वी तेथे माणसाला बोललेले ऐकू येत नसे, असे म्हातारी सांगते. एका पावसावरून निकाल देता येत नाही. यंदा पुन्हा ऐकावयास जाणार आहोत.