खेळाडूची वस्तू कोणाची?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. छपाईसाठी थोडे नीटनेटके केले आहे, बाकी बोललो तसेच ठेवले आहे.)



समितीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘मी चौतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, मला खेळावर बोलू द्या.’ सेक्रेटरी म्हणाले, ‘सर, खेळावर बोला, पण काहीतरी कामाचं बोला.’ म्हणून कामाचंच बोलतो. खेळाडूने मैदानात वापरलेली वस्तू, म्हणजे त्याची जर्सी, बूट, बॅट, पदक, ही पुढे दुसऱ्याच्या हातात जाते. कोणी मागून नेतो, कोणी विकत घेतो, कोणी चोरतो. वीस-तीस वर्षांनी त्या खेळाडूला वाटतं की ती आपल्याला परत मिळावी. मग ती कोणाची? ज्याचा घाम तिच्यात मुरला त्याची, की ज्याने ती सांभाळली त्याची?

हा प्रश्न माझ्याच घरात उभा राहिला, म्हणून मी त्याच्या मागे लागलो. घरचं नंतर सांगतो. आधी बलबीरसिंगांची हकीकत ऐका.

बलबीरसिंग सीनियर हे हॉकीतलं फार मोठं नाव. १९४८ लंडन, १९५२ हेलसिंकी, १९५६ मेलबर्न, अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणाऱ्या संघांत हा माणूस होता. लंडनला आपण ज्यांची गुलामी नुकतीच संपवली होती, त्याच इंग्रजांना त्यांच्या वेम्बली मैदानावर ४-० हरवलं, त्यातले पहिले दोन गोल यांचे. हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात हॉलंडवर सहा गोल झाले, त्यातले पाच एकट्या बलबीरसिंगांचे. मेलबर्नला ते कप्तान होते. १९५७ साली पद्मश्री मिळाली, ती मिळवणारे ते पहिले खेळाडू.

आता बघा. १९८५ साली या माणसाने आपल्याजवळचा ठेवा स्पोर्ट्‌स अथॉरिटी ऑफ इंडियाला, म्हणजे ‘साई’ला, देऊन टाकला. मेलबर्नचा कप्तानाचा ब्लेझर, छत्तीस पदकं आणि शंभराच्या वर दुर्मीळ फोटो. कशासाठी? तर राष्ट्रीय क्रीडा संग्रहालय व्हायचं होतं, नवीन पोरांनी ते पाहावं म्हणून. एक पैसा घेतला नाही.

पुढे सत्तावीस वर्षं गेली. २०१२ साली लंडनला पुन्हा ऑलिंपिक आलं. जगभरातले सोळा नामवंत ऑलिंपियन निवडून त्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, त्यात बलबीरसिंगांचं नाव होतं. प्रदर्शनासाठी वस्तू हव्या होत्या, म्हणून ब्लेझर मागायला माणसं ‘साई’कडे गेली, आणि उत्तर मिळालं की आमच्याकडे त्याची नोंदच नाही. त्यानंतर अर्ज झाले, माहितीचा अधिकार वापरून झाला, मंत्री बदलले. नव्वदीच्या घरातला म्हातारा माणूस वर्षानुवर्षं आपलाच कोट मागत होता. २५ मे २०२० रोजी मोहालीत ते वारले. वस्तू त्यांच्या हातात काही आल्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, सर, त्यांनी दान केलं होतं ना, मग परत कसं मागता येईल? प्रश्न बरोबर आहे. कायद्यातसुद्धा तसंच आहे. जमीन-घर दान करायचं तर रजिस्टर दस्त लागतो, पण हलवता येणारी वस्तू नुसती हातात दिली तरी दान पूर्ण होतं. परंतु बलबीरसिंगांनी वस्तू एका कामासाठी दिली होती. ते काम झालं नाही आणि वस्तूही राहिली नाही. अशा वेळी देणाऱ्याला विचारायचा हक्क नाही असं मला कोणी म्हणू नये.

सरकारी कपाटातून वस्तू गेली यात नवल नाही, असं कोणी म्हणेल. मग खाजगी संग्राहकांकडे जाऊ या. परदेशात खेळाडूंनी वापरलेल्या वस्तूंचा मोठा बाजार आहे. नवीकोरी जर्सी स्वस्त. सामन्यात घातलेली, चिखल लागलेली, न धुतलेली महाग! आमच्या आयांनी आमच्या बनियनी दगडावर आपटून आपटून केवढं नुकसान केलं, हे मला फार उशिरा कळलं.

मॅराडोनाचा अर्जेंटिना आणि इंग्लंड यांचा मेक्सिकोतला सामना तुमच्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. २२ जून १९८६. एक गोल हाताने, दुसरा अर्ध्या इंग्लंडला चकवून. सामना संपल्यावर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉज नावाच्या खेळाडूने त्याच्याशी शर्ट बदलला. हॉजने तो सांभाळला, बरीच वर्षं इंग्लंडच्या फुटबॉल संग्रहालयात लोकांना बघायला ठेवला. मॅराडोना २०२० साली वारला. मे २०२२ मध्ये त्या शर्टाचा लिलाव झाला, किंमत आली एकाहत्तर लाख पौंडांच्या वर. लिलावाआधी मॅराडोनाच्या मुलीने हरकत घेतली की हा शर्ट पहिल्या अर्धातला आहे, गोल दुसऱ्या अर्धात झाले. लिलाववाल्यांनी सामन्याचे फोटो काढून शर्टाशी ताडून पाहिले आणि सांगितलं की गोल केला तोच हा शर्ट. हे ताडणं कसं करतात, ते मला फार आवडलं. त्या सामन्यासाठी अर्जेंटिनाने हलके शर्ट मेक्सिकोच्या दुकानातून ऐनवेळी विकत आणले होते, आणि त्यावर बिल्ले आणि आकडे घाईघाईने लावले होते. घाईच्या कामात प्रत्येक शर्ट थोडा वेगळा होतो. बिल्ल्याचा कोपरा, पट्ट्याची जागा, आकड्याची कड, यावरून ओळख पटते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हॉजचं काही चुकलं असं मला वाटत नाही. शर्ट त्याला मॅराडोनाने स्वतःच्या हाताने दिला होता. पण मॅराडोनाच्याच दुसऱ्या एका वस्तूची गोष्ट वेगळी आहे. त्याच विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला सोन्याच्या चेंडूचं पारितोषिक मिळालं होतं. ते हरवलं. कोणी म्हणे पत्त्यांच्या डावात गेलं, कोणी म्हणे नेपल्समधल्या बँकेच्या लॉकरमधून १९८९ साली गुंडांनी लुटलं. २०१६ मध्ये ते पॅरिसच्या एका लिलावात इतर सामानाबरोबर निघालं आणि एका माणसाने घेतलं. २०२४ च्या जूनमध्ये त्याचा मोठा लिलाव ठरला, तेव्हा मॅराडोनाची मुलं कोर्टात गेली: आमच्या बापाची चोरीची वस्तू आहे, विकू देऊ नका. फ्रान्सच्या कोर्टाने मे महिन्याच्या शेवटी लिलाव थांबवायला नकार दिला. तरी वाद आणि चौकशी चालू असल्यामुळे लिलाववाल्यांनीच तो लिलाव लांबणीवर टाकला.

यात देशादेशाचा कायदा वेगळा आहे. फ्रान्समध्ये हलवता येणारी वस्तू ज्याच्या ताब्यात, तो मालक असं धरून चालतात. चोरीला गेलेली असेल तर मूळ मालकाला मागता येते, पण साधारण तीन वर्षांच्या आत. आपल्याकडे १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं मूळ तत्त्व असं की, विकणाऱ्याकडे जेवढी मालकी आहे तेवढीच घेणाऱ्याला मिळते. चोर मालक नसतो, म्हणून चोराकडून घेणाराही एरवी मालक होत नाही. आपल्याकडेही दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, मात्र वस्तू कोणाकडे आहे हे कळल्यापासून ती मोजतात. आपल्या पोरांपैकी कोणी वकिली शिकत असेल तर त्याने यावर मला अजून समजावून सांगावं, मी पीटीचा मास्तर.

चोरी म्हटलं की परकाच चोर असतो असंही नाही. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, तो २०२० साली हेलिकॉप्टर अपघातात गेला, त्याच्या शाळेपासूनच्या वस्तू २०१३ साली त्याच्या सख्ख्या आईने लिलावाला दिल्या आणि साडेचार लाख डॉलर उचल घेतली. आई म्हणाली, त्यानेच सांगितलं होतं की मला नकोत. तो म्हणाला, मी असं बोललो नाही. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, शेवटी आईबापांनी माफी मागितली आणि सहा वस्तूच विकायच्या असं ठरलं. घराघरात होतं ते हेच. फक्त आपल्याकडे लिलाववाल्याच्या जागी भंगारवाला असतो.

जेसी ओवेन्सचं नाव तुम्ही ऐकलं असेल. हिटलरच्या बर्लिनमध्ये १९३६ साली या काळ्या माणसाने चार सुवर्णपदकं जिंकली. घरी आल्यावर पोटासाठी घोड्यांशी शर्यती लावल्या. त्यातलं एक पदक त्याने आपल्या एका नर्तक मित्राला दिलं होतं. ते २०१३ साली साडेचौदा लाख डॉलरच्या वर विकलं गेलं, ओवेन्स जाऊन तेहतीस वर्षं झाल्यावर. महंमद अलीचं १९६० च्या रोम ऑलिंपिकचं सुवर्णपदकही असंच नाहीसं झालं. गोऱ्यांच्या हॉटेलात खायला दिलं नाही म्हणून रागाने नदीत फेकलं, असं त्याच्या आत्मचरित्रात आहे. काही जण म्हणतात ते हरवलं. काही असो, १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याच्या थरथरत्या गळ्यात नवीन पदक घालण्यात आलं. त्या वेळी शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही चार मास्तर टीव्हीसमोर उभे होतो आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांना तर विसरून चालणार नाही. १९५२ च्या हेलसिंकीचं कुस्तीचं कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली होती. ते १९८४ साली अपघातात वारले. २०१७ मध्ये त्यांच्या मुलाला जाहीर करावं लागलं की कुस्ती संकुल होत नाही, तर पदक लिलावात काढतो आणि आखाडा बांधतो. वस्तू परत मागणारा एक आणि नाइलाजाने विकायला निघालेला दुसरा, दोघांचं दुखणं मला एकाच जातीचं वाटतं.

आता माझ्या घरचं. १९८१ साली जिल्हा कबड्डीची अंतिम लढत झाली. मातीचं मैदान, गॅसबत्त्या. आपल्या वस्तीचा संघ जिंकला. शेवटच्या चढाईत तीन गडी बाद करून येणारे दादा आज इथे बसले आहेत, नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही. महापालिकेत झाडूखात्यात त्यांनी पूर्ण नोकरी केली. त्या रात्री त्यांनी बनियन काढून माझ्या अंगावर फेकली, ‘धर रे’ म्हणाले आणि मिरवणुकीत गेले. मी एकोणीस वर्षांचा, पाणी पाजायला ठेवलेला पोऱ्या. ती बनियन मी घरी नेली. न धुता नेली, हे माझं नशीब. ढाल मंडळाकडे गेली. मंडळाचं ऑफिस दोनदा हललं, ढाल कुठे गेली ते कोणालाच माहीत नाही. राहिली ती माझ्या ट्रंकेतली बनियन.

गेल्या दिवाळीनंतर दादा घरी आले. चहा झाला. मग म्हणाले, ‘मास्तर, तुमच्याकडे माझी बनियन आहे म्हणतात. नात कबड्डी खेळायला लागली, तिला दाखवायची होती.’ मी पटकन हो म्हणालो नाही, हे इथे सर्वांसमोर सांगतो. मी म्हटलं, ‘दादा, ती चाळीस वर्षं मी जपली, डांबरगोळ्या घालून.’ ते म्हणाले, ‘म्हणून तर आहे.’ आणि उठून गेले. आमच्या मिसेस आतून बाहेर आल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, ‘फेकली होती की दिली होती?’

दोन दिवस मला झोप नाही. खरं सांगतो, मनात वाईट विचारही आला की ही त्यांचीच कशावरून, संघात सात जण होते. मग मला मॅराडोनाचा शर्ट आठवला. त्या रात्रीचा एक काळा-पांढरा फोटो माझ्याकडे आहे. भिंग घेऊन बसलो. पाठीवर ४ नंबर, पांढऱ्या कापडाचा कापून शिवलेला, आणि त्याचा खालचा पाय काळ्या दोऱ्याने घातलेला. फोटोत काळे टाके स्पष्ट दिसतात. दादांच्या आईचा पांढरा दोरा संपला होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं, मी विचारायच्या आधीच.

रविवारी बनियन घेऊन त्यांच्या घरी गेलो. नात शाळेतून यायची होती. दादांनी ती वासून पाहिली, उलटीपालटी केली, आणि म्हणाले, ‘मास्तर, ही एवढी लहान कशी?’ मग अंगाला लावून पाहिली आणि दोघंही हसलो.

ते म्हणाले, एक फोटो काढून तुमच्याकडे ठेवा. मी काढला. त्याच्यामागे तारीख, सामना, कोणी दिली, कोणाकडे गेली, सगळं लिहिलं आणि दोघांनी सह्या केल्या. यावरून सुचलं म्हणून समितीला विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली आहे. वाचनालयात एक मोठी वही ठेवली आहे. ज्यांच्या घरात जुन्या खेळाडूंचे कप, बनियनी, प्रमाणपत्रं, पेपरची कात्रणं असतील त्यांनी वस्तू आणू नये, नुसता तिचा फोटो आणि माहिती आणावी. वस्तू ज्याच्या घरी आहे तिथेच राहील. मंडळाला किंवा शाळेला प्रदर्शनासाठी द्यायची असेल तर आधी कागदावर लिहून घ्यावं की दान आहे की उसनी आहे, आणि उसनी असेल तर कोणत्या तारखेला परत. ढालीबद्दल कोणाला काही माहीत असेल तर त्यांनीही यावं, कोणी रागावणार नाही.

वही दर रविवारी सकाळी दहा ते बारा उघडी असते. पहिलं पान दादांच्या बनियनीचं आहे, दुसरं अजून कोरं आहे. जय भीम.